दोन बुवा आणि एक बाकडं

माझं लग्न जमवताना आईनं पाहुण्यांना एवढंच सांगितलं होतं, की मुलगी आरोग्य खात्यात आहे. पुढे कोणी विचारलंच, तर ती पटकन चहा टाकायला आत जायची. मी क्षयरोगाच्या पेशंटांच्या घरी जाते, हे तिच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही. आमच्या मुलुंडच्या इमारतीत त्या रोगाचं नावसुद्धा मोठ्यानं घेत नसत. 'त्यांना ते झालंय' असं म्हणत, आणि 'ते' म्हणताना आवाज खाली जायचा.

ऐंशीच्या दशकात मी भांडुपच्या एका दवाखान्यात टी.बी. हेल्थ व्हिजिटर होते. काम सांगायला सोपं होतं. खोकणाऱ्या माणसाची थुंकी तपासायची. जंतू सापडले तर त्याचं कार्ड करायचं. मग वर्ष-दीड वर्ष तो औषध चुकवत नाही ना, यावर डोळा ठेवायचा. पहिले दोन महिने रोज इंजेक्शन, नंतर महिन्याच्या महिन्याला येऊन गोळ्या घेऊन जायच्या. या रोगाची खोड अशी की महिन्या-दोन महिन्यांत पेशंटला बरं वाटायला लागतं. ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं, आणि बऱ्या माणसानं गोळ्या कशाला खायच्या असं त्याला वाटू लागतं. तिथून माझं काम सुरू व्हायचं. तीन दिवस कोणी आलं नाही, की चौथ्या दिवशी मी खांद्याला पिशवी लावून टेकडी चढायला लागायचे.

टेकडीवरच्या चाळीत मी एका घरात शिरले, की त्या घरात टी.बी. आहे हे दहा मिनिटांत सगळ्यांना कळायचं. त्यावर मी माझ्यापुरता उपाय शोधला होता. एका घरी काम असलं तरी मी तीन घरांत जायचे. एकीकडे बाळाच्या लशीची चौकशी, दुसरीकडे पाणी मागून प्यायचं, आणि मधल्या घरात माझं खरं काम. त्यामुळे आठवड्याला कमीत कमी दहा घरांतलं पाणी मी प्यायले असेन. त्या वस्तीतल्या निम्म्या बाळांची नावं मला पाठ होती.

दत्तारामबुवा आले ते त्यांच्या बायकोनं हात धरून आणले म्हणून. सुमतीवहिनी बारीक चणीच्या, पण त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला दारातून मागं फिरू दिलं नाही. बुवा पंचेचाळिशीचे होते. कोकणातून लहानपणी आले, बरीच वर्षं गिरणीत काढली, आणि आता कांजूरमार्गला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. ही त्यांची नोकरी. खरी ओळख भजनी बुवा म्हणून. भांडुपपासून घाटकोपरपर्यंत डबलबारीला त्यांचं नाव होतं. ज्यांना डबलबारी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, एका बुवानं गायचं आणि दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं. शेवटी गजर असतो. त्यात देवाचं नाव घेता घेता समोरच्याला चिमटे काढायचे. लोक पोट धरून हसतात, आणि कोण जिंकला ते आपापसात महिनाभर भांडून ठरवतात.

बुवांची थुंकी तपासली आणि जंतू भरपूर निघाले. डॉक्टर मॅडमनी सगळं नीट समजावलं. दोन महिने गाणं बंद, खोकताना तोंडावर रुमाल, घरातल्या सगळ्यांची तपासणी. बुवा खाली मान घालून ऐकत होते. नंतर बाहेर येऊन माझ्याशी हळूच बोलले.

"बाई, एक गोष्ट करा. ह्या त्या सखारामाक कळता नये. कळला तर तो गजरात घालतलो."

सखारामबुवा म्हणजे त्यांचे पंधरा वर्षांचे प्रतिस्पर्धी. त्यांचं मंडळ पलीकडच्या टेकडीवर होतं. मी शब्द दिला. मग मी म्हटलं, तुमच्या मंडळातले पंधरा-वीस जण तुमच्यापासून हातभर अंतरावर बसतात, त्यांचीही थुंकी तपासायला हवी. बुवांनी साफ नकार दिला. घसा बसलाय असं त्यांना सांगितलंय, म्हणाले, आणि तेच राहू दे. मला गप्प बसावं लागलं. त्यांच्या संमतीशिवाय मंडळाला मी काय सांगणार होते? घरातल्या तपासणीत धाकट्या मुलीला खबरदारीच्या गोळ्या सुरू केल्या. बाकीचे ठीक निघाले.

दोन आठवडे बुवा रोज सकाळी आठला येऊन इंजेक्शन घेऊन गेले. आणि तिसऱ्या आठवड्यात, आपल्या वर्कशॉपच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन, एक उंच, मिशाळ, वेल्डिंगनं हात भाजलेला माणूस माझ्यासमोर बसला. मी तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली. नाव सांगितलं, सखाराम गावडे. वस्ती विचारली, पलीकडची टेकडी. माझं पेन थांबलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याही थुंकीत जंतू निघाले. निदान ऐकून ते म्हणाले,

"बाई, सगळं करतो. पण भांडुपात एक दत्ताराम परब म्हणून आहे. त्याला कळता कामा नये."

मी शब्द दिला. दुसरं काय करणार? हसू आवरायला मात्र मला औषधांच्या कपाटात तोंड घालून काहीतरी शोधावं लागलं. कोणी कोणाला दिला, हा प्रश्न मी डॉक्टर मॅडमना विचारलाही. त्या म्हणाल्या, ते शोधता येत नाही आणि शोधून फायदाही नाही, तू फक्त दोघांना औषध दे.

मी एकाला आठची वेळ दिली आणि दुसऱ्याला साडेअकराची. आठवडाभर छान निभावलं. मग एका दिवशी दवाखाना अर्धाच दिवस उघडा होता. सगळ्यांना नऊला या असं सांगणारा कागद कोणीतरी दारावर लावला, आणि माझ्या ते लक्षातच आलं नाही. मी बाहेर आले तेव्हा बाहेरच्या बाकड्याच्या एका टोकाला दत्तारामबुवा होते आणि दुसऱ्या टोकाला सखारामबुवा. मध्ये एक बाई तापलेलं मूल घेऊन बसली होती. दोघंही समोरच्या भिंतीवरचं कुटुंबनियोजनाचं पोस्टर फार लक्ष देऊन वाचत होते.

शेवटी दत्तारामबुवांनी विचारलं, "काय बुवा, हय खंय?"

"मेहुण्याचे रिपोर्ट घ्यायला आलो. तुम्ही?"

"माका जरा दमो."

तेवढ्यात लॅबमधून सावे बाहेर आले. सावे आमचे टेक्निशियन. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे आणि माणसांची तोंडं त्यांना फारशी आवडत नसत. त्यांनी हातातल्या चिठ्ठ्या बघून एकापाठोपाठ एक नावं वाचली. परब दत्ताराम, गावडे सखाराम, उद्या सकाळची थुंकी आणा, डबे इथून घेऊन जा. आणि दोघांच्या हातात एकेक डबा देऊन ते आत गेले.

मला वाटलं, आता दोघंही उद्यापासून यायचे बंद होणार. दोघांनी हातातल्या डब्यांकडे पाहिलं, मग एकमेकांच्या डब्यांकडे. आधी सखारामबुवांच्या मिशा हलल्या. मग दोघं इतके हसले की दोघांनाही खोकल्याची उबळ आली, आणि मला धावत जाऊन रुमाल धरा रुमाल, असं ओरडावं लागलं. मधली बाई मूल उचलून केव्हाच उठून गेली होती.

त्या दिवसापासून माझं काम हलकं झालं. दोघांचीही वेळ आपोआप साडेआठची झाली. बाकड्यावर त्यांची डबलबारी चालायची. कुणाचं वजन किती वाढलं, कुणी इंजेक्शनला तोंड वाकडं केलं, यावर. एखाद्याला जरा उशीर झाला की दुसरा मला विचारायचा, आला नाय तो? एका पेशंटची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही हा आमचा नियम. पण हे दोघं तर एकमेकांची हजेरी स्वतःच घेत होते. सखारामबुवांना एकदा ताप होता, तरी ते आले. न येऊन दत्तारामाला जिंकू द्यायचं नव्हतं त्यांना.

आणि मग सहाव्या आठवड्यात दत्तारामबुवा यायचे बंद झाले.

चौथ्या दिवशी मी टेकडी चढले. वहिनी म्हणाल्या, ड्यूटीवर गेलेत. दोन दिवसांनी गेले, तेव्हाही ड्यूटीवर. तिसऱ्यांदा गेले तेव्हा आतल्या दोरीवर त्यांचा युनिफॉर्म वाळत होता आणि मागच्या दारातून कोणीतरी उतरून गेल्याचा आवाज आला. मी फार चिडले. त्या चिडण्याला आणखी एक कारण होतं. त्याच महिन्यात मंदा नावाची माझी एक पेशंट हातची गेली होती. एकोणीस-वीस वर्षांची, नवीन लग्न झालेली. सासरच्यांना कळलं तसं त्यांनी तिला एका महिन्याच्या गोळ्या देऊन माहेरी कोकणात पाठवून दिलं. तिथल्या दवाखान्याला मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. तिच्या कार्डावर मी 'गावी गेली' असं लिहिलं. ते अक्षर अजून माझ्या डोळ्यांपुढे येतं. तिच्या घरी आणखी एकदा जाऊन नवऱ्याशी बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

तर तो सगळा राग मी सुमतीवहिनींवर काढला. बुवांना स्वतःला मरायचं असेल तर मरू दे, म्हटलं, पण पोरीला कशाला बरोबर नेताय? वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. खाली उतरताना मला माझीच लाज वाटली, पण परत वर गेले नाही.

आठवड्याभरानं सखारामबुवा इंजेक्शन घेऊन झाल्यावर उठले नाहीत. बाकीचे पेशंट जाईपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, काल एका पूजेला गेलो होतो, तिथं दत्ताराम गायला. मी म्हटलं, त्यांना गायची बंदी आहे. ते म्हणाले, ते सोडा बाई, मी वेगळंच सांगतोय.

"त्याला मी पंधरा वर्षं ऐकतोय. शिव्या देईल, ताल सोडेल, पण सूर सोडणार नाय. काल तो पेटीला धरून नव्हता. दोनदा कानावर हात ठेवला त्यानं. त्याच्या कानाला काहीतरी झालंय. माझेही कान मधे दोन दिवस वाजत होते, मग थांबले. तुम्ही त्याला विचारा."

ज्या इंजेक्शनासाठी मी त्यांच्यामागे फिरत होते, ते काही जणांच्या कानाला बाधतं. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं आणि मला पाठही होतं. मी तीन वेळा त्या घरी गेले, पण 'का येत नाही' हे एकदाही विचारलं नाही. 'या' एवढंच सांगत राहिले.

त्याच दुपारी मी कांजूरमार्गला कारखान्याच्या गेटवर गेले. बुवा स्टुलावर बसले होते. मला बघून उठले, पण पळायला जागा नव्हती. मी फाटकाशी उभी राहिले आणि हळू आवाजात विचारलं, बुवा, कान वाजतात का? त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मी परत विचारलं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कानात घंटी वाजता, बाई. पेटीचो सूर एक येता आणि माका दुसरो ऐकाक येता. तुमका सांगलंय असतंय तर तुम्ही म्हटलां असतां, गाणा सोड आणि जीव वाचव. गाणा गेला तर जीव ठेवन काय करू?"

तिसऱ्या आठवड्यापासून हे चालू होतं. बाकड्यावर हसत बसायचे तेव्हाही. बायकोलासुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं. गाणं ठेवायचं की जीव, एवढा मोठा निर्णय त्या माणसानं गेटवर एकट्यानं बसून घेतला होता. मी त्यांची माफी मागितली. मग म्हटलं, दोन्ही राहील असं काही आहे का, ते मॅडमना विचारू. ड्यूटी सुटल्यावर ते माझ्याबरोबर आले.

मॅडमनी इंजेक्शन त्याच दिवशी बंद केलं आणि त्यांना मोठ्या हॉस्पिटलात कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. तेव्हा लाल कॅप्सूलचं नवं औषध नुकतंच मिळू लागलं होतं, मोजक्याच पेशंटांना. त्यांनी बुवांसाठी खटपट करून ते मिळवलं. त्या म्हणाल्या, याला महिने कमी लागतात, इंजेक्शन नको, फक्त लघवी लाल होते, घाबरायचं नाही. सखारामबुवांना हे कळल्यावर ते थोडे रुसले. मला साधं औषध आणि त्याला स्पेशल? पण ते रुसणं दोन दिवसच टिकलं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी बुवांच्या घरी गेले. वहिनींशी मला बोलायचं होतं. त्यांनी मला काही बोलूच दिलं नाही, कपात चहा ओतला आणि आत बघा म्हणाल्या. खिडक्या सताड उघड्या होत्या, मी सांगितलं होतं तशा. खोलीत सखारामबुवा पेटी घेऊन बसले होते आणि दत्तारामबुवा त्यांच्यासमोर, डोळे मिटून. सखारामबुवा एक सूर दाबून धरायचे. दत्तारामबुवा गुणगुणायचे. सखारामबुवा मान हलवायचे, वर, अजून जरा वर. परत तोच सूर. आठवड्यातून दोनदा ते पलीकडच्या टेकडीवरून या टेकडीवर यायचे, फक्त यासाठी. वहिनी म्हणाल्या, घंटी अजून आहे, पण बारीक झालीय. मी दारातच उभी राहून चहा प्यायले. त्या दिवशी मला दुसऱ्या कोणाच्या घरी पाणी प्यायला जायचं सुचलं नाही.

कान पूर्ण पहिल्यासारखा झाला नाही. उजव्या कानाला थोडं कमी ऐकू यायचं, ते तसंच राहिलं. पण सूर परत आला. दत्तारामबुवांचा कोर्स आधी संपला. सखारामबुवांना नंतर आणखी काही महिने गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि तेवढे महिने दत्तारामबुवा मुद्दाम दवाखान्यात येऊन त्यांच्या शेजारी बसायचे. कशाला येता, असं मी विचारलं. हरलेल्या माणसाक बघूक बरा वाटता, म्हणाले.

दोघांचीही कार्डं बंद झाल्यावर त्यांची डबलबारी ठरली. रविवारी दुपारी, टेकडीखालच्या मैदानात. मॅडमना, सावेंना आणि मला आमंत्रण होतं. सावे आले हेच नवल. कांदिवलीहूनही माणसं आली होती. वर्षभर दोघांची डबलबारी झाली नव्हती, त्यामुळे मैदान भरलं होतं. दोघंही छान गायले. मग गजर आला. सखारामबुवांची पाळी आधी होती. नेहमीप्रमाणे समोरच्याला चिमटा बसणार म्हणून लोक सरसावून बसले. त्यांनी झांज वर धरली आणि सुरू केलं,

"तीन हप्ते खोकलो, म्हटलं धूळ लागली,
बुवा झालो लोकांचा, अन् घरात लाज लपवली."

लोकांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी झांज खाली ठेवली आणि सरळ सांगितलं की मला टी.बी. झाला होता, आता बरा आहे. पुढच्या रांगेतल्या एका माणसानं नकळत आपली सतरंजी थोडी मागं ओढलेली मी पाहिली. असं काही ते करणार आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. मी दत्तारामबुवांकडे बघत होते. ते गप्प राहिले असते तर सखारामबुवा त्या दिवशी एकटे पडले असते.

दत्तारामबुवांनी पखवाजवाल्याला खूण केली आणि उत्तर दिलं,

"यानं लपवलं घरात, मी लपवलं दारात,
दोघे चोर भेटलो मग एकाच दवाखान्यात."

त्यांचं मंडळ सुन्न होऊन त्यांच्याकडे बघत राहिलं. आणि मग बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. माझी खात्री आहे, पहिल्या सुमतीवहिनीच हसल्या. त्यानंतर अर्धा तास त्या दोघांनी बाकड्याची, डब्यांची, लाल लघवीची, माझ्या पाणी पिण्याची आणि सावेंच्या तोंडाची अशी काही वाट लावली, की मॅडम डोळे पुसत होत्या. सावे जागचे हलले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले होते.

सोमवारी मी दवाखान्यात पोचले तर दारापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत रांग होती. सगळे खोकणारे. दत्तारामबुवांचं सगळं मंडळ होतं, ज्यांना मी वर्षभर काही सांगू शकले नव्हते. सखारामबुवांच्या वर्कशॉपचे लोक होते. नऊ वाजता थुंकीचे डबे संपले. सावे बाहेर येऊन माझ्यावर कडाडले, एवढ्या स्लाइडी मी आठवडाभर बघत बसू का, आणि हे लोक नुसती लाळ देतायत, लाळेत काय दिसणार, कपाळ? ते खरं होतं. तपासायला छातीतून आलेला बेडका लागतो. लोक लाजून तोंडातल्या तोंडात थुंकतात आणि डबा परत देतात. रोज एकेकाला शिकवताना माझा जीव मेटाकुटीला यायचा.

मी दुसऱ्या दवाखान्यातून डबे आणायला निघाले, तर रांगेच्या मध्यावर दोघं बुवा उभे. दोघांची हुज्जत चालली होती की ही रांग कोणाच्या गजरानं लागली. दत्तारामबुवांनी न्यायनिवाडा माझ्यावर टाकला.

मी म्हटलं, निवाडा नंतर, आधी या लोकांना डब्यात नीट बेडका काढायला शिकवा.

दोघांनी रांग अर्धी-अर्धी वाटून घेतली. मी स्टेशनच्या बाजूला चालू लागले, तेव्हा मागून सखारामबुवांचा आवाज येत होता.

"घशातून नाय रे, पोटातून. खोल श्वास घे, छाती भर, आणि मग काढ. सूर लावतो तसा."

पलीकडच्या अर्ध्यातून दत्तारामबुवा ओरडले, "त्याचा ऐकू नको. तो नेहमी अर्धा सूर खालीच लावता."

त्या रांगेतल्या पाच जणांची कार्डं आठवड्याभरात झाली. पाचही जण लवकर सापडलेले होते, आणि पाचही जणांनी कोर्स पुरा केला. त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी मला टेकडी चढून जावं लागलं नाही. सकाळी साडेआठला दोन बुवांपैकी कोणी ना कोणी बाकड्यावर बसून त्यांची हजेरी घेत असायचा.